पुरावा कुणी द्यायचा?

ज्यांचे वाडे होते त्यांच्याकडं वंशावळी आहेत, इनामाच्या सनदा आहेत. आपल्याकडं पत्र्याची पेटी. तीही सगळ्यांकडं नाही. म्हणून विचारतो, ज्या कागदावर आपला बाप दुसऱ्यानं लिहिला, त्या कागदाला आपला इतिहास म्हणायचं का?

आमच्या पेटीत तीन जिनसा निघाल्या. एक निजामाच्या अमलातला उर्दू कागद. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ जातं. एका बुजुर्गाकडून वाचून घेतला. आजोबा गंगाराम, कागदावर 'गंग्या'. पुढं 'वल्द' लावून पणजाही तसाच मोडलेला. मग जात. दुसरी, गायरान कसलं म्हणून भरलेल्या दंडाची पावती. तिसरा आजीचा फोटो, माळेगावच्या जत्रेतला, मागं रंगवलेला बंगला.

आजीचं माहेर उदगीरकडचं. तो मुलूख निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता, १९५६ साली उस्मानाबादेत आला, १९८२ पासून लातुरात. गावानं तीन जिल्हे बघितले. महारवाडा होता तिथंच राहिला.

१९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला. आजोबानं जात टाकली, 'बौद्ध' लिहिलं. आता नातवाला दाखला पाहिजे तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आज्यानं जे टाकलं तेच नातवानं उकरून आणायचं! केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या, पण उकरणं काही सुटलं नाही.

आणि ज्यांची पेटीच जळाली त्यांनी काय आणायचं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला. घराबरोबर कागद जळाले. ज्यांनी जाळलं त्यांना कुणी कागद मागत नाही. ज्यांचं जळालं त्यांनाच मागतात.

काही साथी म्हणतात, असले शिवीचे कागद आपणच जाळावेत, महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली तसे. मला हे पटत नाही. मनुस्मृतीत आपलं माणूस नव्हतं, आपल्यावरचा हुकूम होता. ह्या कागदात हुकूम परक्याचा असला तरी माणूस आपला आहे. 'गंग्या' हे लिहिणाऱ्याचं चारित्र्य आहे, आजोबाचं नव्हे. आणि दंडाची पावती काय सांगते? भूमिहीन माणसानं नांगर धरला, दंड भरला, पण जमीन सोडली नाही. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानं कसणाऱ्यांच्या नावावर करायची ठरली, तेव्हा अशाच पावत्या पुरावा म्हणून पुढं ठेवल्या गेल्या. गुन्ह्याचा कागद हक्काचा झाला.

फोटोची गोष्ट वेगळी. तो कुण्या पटवाऱ्यानं लिहिला नाही. आजी सांगायची, "म्या सोत्ताच्या मजुरीच्या पैशानं काढला, कुणाला इचारलं नाही." फोटोत ती सरळ समोर बघते. आमच्या पेटीत आमच्या हातचं एवढंच.

पुरावा आपल्याला मागू नका. पिढ्यान् पिढ्या आपली जात नेमानं लिहून ठेवली ती त्यांच्याच दप्तरात. ती दप्तरं सरकारनं उघडावीत, सरकारनंच शोधावं. आपण आपलं काम करू. म्हातारी माणसं आहेत तोवर पेट्या उघडू, फोटोमागं नावं लिहू. आणि पूर्ण लिहू. गंगाराम.