समत्व आणि गंज

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा क्विंटलवर होतो. तिथे चिमूटभर हळदीला कोणी विचारत नाही. सराफाला मिलिग्रॅमचाही हिशेब ठेवावा लागतो. कॉलेजच्या रसायनशाळेतला जुना दोन पारड्यांचा तराजू तर २०० ग्रॅम पेलून ०.१ मिलिग्रॅमचा, म्हणजे वीस लाखांत एका भागाचा फरक दाखवतो. दांडी अकीकाच्या ज्या बारीक धारेवर टेकते, तिची ही करामत. धार बोथट झाली किंवा तिथे धूळ साचली की घर्षण वाढते आणि एका पारड्यात कणभर जास्त पडले तरी दांडी आडवीच राहते. नुसते पाहून चांगला तराजू आणि अडलेला तराजू वेगळा ओळखता येत नाही. समत्वाचे तसेच आहे. सुखदुःखाने न हलणाऱ्या माणसाला आपण स्थितप्रज्ञ म्हणतो, पण तो तोललेला आहे की गंजलेला, हे विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल, लाभ-हानी सारखीच माना असे गीताच सांगते. खरे आहे; पण सहाव्या अध्यायात तीच गीता दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखे जाणणाऱ्याला श्रेष्ठ योगी ठरवते. स्थिर राहायचे ते स्वतःच्या लाभहानीपुरते. ‘आम्हाला सगळे सारखेच’ म्हणत स्वस्थ बसणे कोणालाही जमते. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडून सर्व जातींची मुले एकत्र राहती-जेवती केली. भेद कुठे बोचतो हे जाणवल्याशिवाय समतेचे हे काम सुचलेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतके नाजूक मन सतत हेलकावेच खाईल. नाजूक तराजूची दांडीही बराच वेळ झुलते. त्यावर उपाय म्हणून काही तराजूंत हवेचा दट्ट्या बसवतात. तो फक्त गतीला विरोध करतो. दांडी थांबली की त्याचा जोर शून्य होतो, त्यामुळे ती योग्य जागीच स्थिरावते. धारेवरचे घर्षण मात्र दांडी थांबल्यावरही तिला धरून ठेवते आणि चुकीच्या जागी अडकवते. जप, ध्यान, मौन यांची पारख याच भेदाने करावी. त्यांनी मनाचा क्षोभ लवकर ओसरत असेल आणि तरी निर्णय समोरच्या दुःखाप्रमाणे बदलत असेल, तर ती साधना. निर्णयच बदलेनासा झाला, तर तिला वैराग्य म्हणण्याचे कारण नाही.