तीस अंशांची सूट

आमच्या वीस वर्षांच्या जुन्या गाडीचे स्टेअरिंग खडखडू लागले, तेव्हा प्रथम आम्ही रस्त्याला दोष दिला. एरंडोलहून शाळेकडे निघालो की महामार्गाच्या प्रत्येक खड्ड्याला चाकाखालून खट्ट असा आवाज येई. पुढे आवाज वाढला, चाकही हाताला ढिले लागू लागले. इंचभर फिरवावे तेव्हा कुठे गाडीला कळे. गाडीत आमच्याबरोबर तीन सहकारी शिक्षक बसायचे. त्यांच्यापैकी एकाने विचारले, "सर, हे काय वाजतंय?" आम्ही म्हणालो, "जुनी गाडी आहे, बोलणारच!" सगळे हसले आणि आम्ही टेपचा आवाज थोडा वाढवला.

त्या टेपच्या बटणाची आज आम्हाला लाज वाटते. माणूस दोषाला भीत नाही, दोषाच्या आवाजाला भितो. आवाज थांबला की त्याला वाटते, दोषही गेला.

गाडी विकायचे ठरले तेव्हा मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीचा मुलगा आमच्या सातवीच्या वर्गात आहे, त्यामुळे त्याने आमच्याशी अदबीने, पण स्पष्ट बोलणे केले. स्टेअरिंगच्या चाकाखालून निघणारा दांडा एका नळीतून खाली जातो. नळीत त्याला धरून ठेवणारा बूश असतो. खाली क्रॉसचा सांधा, तो आवळणारा बोल्ट, मग रॅक आणि रॅकच्या दोन टोकांना टाय रॉड. मिस्त्रीने आम्हाला चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवायला सांगितले आणि स्वतः गाडीखाली आडवा होऊन एकेक सांधा हाताने धरून पाहिला. जो सांधा उशिरा हलतो, तो गुन्हेगार. वरचा बूश झिजला होता, आवाज त्याचा होता. खालच्या सांध्याचा बोल्ट मात्र ढिला पडून दांड्याचे दाते खाल्ले गेले होते, ढिलाई त्याची होती. असेच चालवत राहिले तर एखाद्या दिवशी दाते सुटतील, चाक हातात फिरेल आणि गाडी सरळच जाईल, असे तो म्हणाला.

मग त्याने हात पुसत विचारले, "सर, आवाज बंद करना है, के ढील निकालना है? दो काम अलग है."

हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. आवाज बंद करायला अर्धा तास पुरे होता. बूशच्या जागी रबराचे पॅकिंग, वरून घट्ट ग्रीस. महिनाभर गाडी मुकी राहिली असती आणि तेवढ्यात ती विकली गेली असती. भाईजानांनीही समजूत घातली, "घेणारा काय दूधपिता बच्चा आहे? तो बघून घेईल. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प राहा."

भाईजानांचे म्हणणे कायद्याला अगदीच सोडून नव्हते. १९३०च्या मालविक्री कायद्यात काही अपवाद ठेवून तत्त्व हेच आहे की मालाची पारख घेणाऱ्याने करावी. त्याआधीच्या १८७२च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७ तर फारच बोलके आहे. तिथे एक घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे. लिलावात तो काही न बोलता घोडा विकतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

वाचकहो, घोडा तोच, ऐब तोच, गप्प बसणेही तेच. बदलली ती फक्त घेणाऱ्याची ओळख. कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्याचा आम्ही राग धरत नाही. पण आमच्या वर्गात चाळीस मुले बसतात आणि त्यांना आम्ही अमानत म्हणजे काय ते शिकवतो. परक्याशी एक वागणूक आणि लेकीशी दुसरी, हे त्यांना कोणत्या तोंडाने शिकवावे?

दीनने ही रेघ वेगळ्या जागी मारली आहे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालणाऱ्या हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची गोष्ट आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते. पण ओले धान्य वर का ठेवले नाही, हा प्रश्न उरलाच. फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे. म्हणजे लपलेला दोष नंतर सापडला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क. ग्रीस लावलेला बूश म्हणजे कोरड्या धान्याचा वरचा थरच की!

इथवर आल्यावर आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. दोष सांगावा, किंमत कमी करावी, मोकळे व्हावे. पण मिस्त्रीच्या दुकानाबाहेर केळीचे ट्रक धडधडत जात होते, कडेने एक माणूस सायकलवर चारा घेऊन चालला होता. तो या सौद्यात कुठे होता? सीटचे कव्हर फाटले असेल तर घेणाऱ्याला सांगितले की पुरे, कारण त्रास त्यालाच व्हायचा आहे. स्टेअरिंगचे तसे नाही. घेणारा राजी झाला तरी समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने कुठेच सही केलेली नसते. काही दोष सांगून संपतात, काही काढल्याशिवाय संपत नाहीत. आणि मग आठवले, वर्षभर आमच्या शेजारी बसलेल्या तीन सहकाऱ्यांनाही आम्ही कधी विचारले नव्हते.

दोन्ही कामे करायला सांगितली. बूश नवा, सांधा नवा. मिस्त्री बोल्ट आवळत असता आम्ही म्हणालो, "अगदी घट्ट करा." तो हसला. फार आवळले तर वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही, तेही धोक्याचेच, म्हणाला. थोडी ढील हवीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ही हे मान्य करतो. स्टेअरिंगची ढील तीस अंशांपेक्षा जास्त नसावी, असे तो सांगतो.

आम्हाला हा नियम माणसालाही लागू वाटतो. उशिरा आलेल्या प्रत्येक मुलाला उभे करणारा मास्तर आणि सारे काही चालवून घेणारा मास्तर, दोघांच्याही वर्गाची गाडी नीट वळत नाही. पण तीस अंश ही मर्यादा आहे, हक्क नव्हे. एकोणतीस अंशांवर बसून "नियमात आहे" म्हणणारा माणूस तिसाव्याची वाटच पाहत असतो.

गाडी घ्यायला आला तो बाजाराच्या दिवशी कापड विकणारा एक तरुण. आम्ही त्याला सारे सांगितले, बदललेला जुना सांधाही दाखवला. त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे गाडीला मार लागलेला दिसतो, मास्तर." आणि ठरलेल्या किमतीतून सहा हजार कमी केले. दुरुस्तीचा खर्च आमचा, नुकसानही आमचे. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी आम्हाला त्याचा रागच आला. सचोटीचे मोल लगेच मिळेल असे आम्ही कुठेतरी धरून चाललो होतो, तेही एक ढिलेपणच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे एस.टी.ने शाळेत गेलो. बस जुनी होती, खिडक्या खूप वाजत होत्या. आमच्या शेजारच्या सरांनी विचारले, "सर, त्या गाडीचं काय वाजत होतं हो?" या वेळी आम्ही त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तेव्हाच सांगायला हवं होतं."