शुद्धिपत्राचा धर्म

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस शुद्धिपत्र छापण्याची चाल होती. 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' असे दोन रकाने पाडून, पृष्ठ व ओळ यांच्या अंकांसह, ग्रंथकर्ता आपले दोष वाचकांपुढें मांडीत असे. ही चाल नम्रतेंतून निघाली असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु खरें पाहतां ती निरुपायांतून निघाली. एकदां छापून बांधलेली प्रत कर्त्याच्या हातीं राहत नसे, म्हणून चूक झांकण्याची सोयच नव्हती. ज्या सत्यनिष्ठेला निरुपायाचा असा आधार होता, ती तो आधार गेल्यावर टिकेल काय? हा प्रश्न विद्वान ग्रंथकारांहूनहि आंतरजालावर आपलें पहिलेंच पान प्रसिद्ध करूं पाहणाऱ्या नवशिक्यास आज अधिक लागू पडतो.

हें प्रकाशन आतां फारच सोपें झालें आहे. जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जी योजना मांडली, तिचें तंत्र त्या संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं कोणतेंही मूल्य न घेतां सर्व जगास खुलें केलें. साधा मजकूर लिहावा. शीर्षक कोणतें, परिच्छेद कोणता, दुवा कोठें हें दाखविणाऱ्या 'एचटीएमएल'च्या थोड्या खुणा त्यांत घालाव्या. आणि ती फाईल सदैव चालू असणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर ठेवावी, कीं प्रकाशन झालें. संपादकाची संमति नको, छापखान्याचें बिल नको, मुद्रितें तपासणारा नको.

मग अशा अनधिकारी माणसानें लिहावेंच कां, असें कांहीं जण विचारतील. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. आपल्या गांवच्या शेतांचीं व ओढ्यांचीं नांवें, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या आडबाजूच्या किल्ल्याची वाट, हे विषय पदरमोड करून छापणारा प्रकाशक विरळा. ते ज्याला ठाऊक आहेत त्यानेंच लिहिले पाहिजेत. अधिकार लिहितां लिहितांच येतो. तेव्हां नवशिक्याचा हक्क आम्ही निःशंकपणें मान्य करितों. प्रश्न त्यापुढील जबाबदारीचा आहे.

छापलेलें पुस्तक वाचकाचें होतें. आंतरजालावरील पान मात्र प्रसिद्धीनंतरहि कर्त्याच्याच हातीं राहतें. समजा, एका तरुणानें किल्ल्याच्या वाटेचें वर्णन करून माथ्यावरील टाक्यांत बारमाही पाणी असतें असें लिहिलें. पुढें उन्हाळ्यांत तें टाकें आटतें असें त्यास कळलें, व त्यानें तें वाक्य गुपचूप बदललें. उद्यांच्या वाचकाची सोय झाली खरी. पण ज्यानें काल तें वाक्य उतरून घेतलें आहे, त्यानें पान पुन्हां उघडलें तरी काय बदललें हें त्याच्या ध्यानांत कसें यावें? शिवाय येथें एक तिसरा मनुष्यहि आहे. त्या पानावर विसंबून ज्यानें आपल्या मित्रांस पाण्याची ग्वाही दिली, तो आतां आधार दाखविण्यास जातो, तों तेथें उलटेंच लिहिलेलें! त्यानें प्रामाणिकपणें दिलेली साक्ष खोटी ठरते. दुरुस्ती हें कर्तव्य खरेंच. पण मुकाट्यानें केलेली दुरुस्ती आपला दोष पुसून दुसऱ्याच्या पदरीं खोटेपणा बांधते.

पान मुळांतच काढून घेण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. विसाव्या वर्षीं लिहिलेल्या अविचारी शब्दांनीं मनुष्यास पन्नाशीपर्यंत बांधून ठेवणें न्यायाचें नव्हे. जुन्या व आतां अप्रस्तुत झालेल्या माहितीचे दुवे आपल्या नांवाच्या शोधांतून काढून टाकावे, अशी मागणी करण्याचा व्यक्तीचा हक्क युरोपीय संघाच्या न्यायालयानें २०१४ सालीं मान्य केला, तो याच जाणिवेनें. आमच्या मतें आपला लेख मागें घेण्याची मोकळीक कर्त्यास असावी. मात्र त्या पत्त्यावर 'हा लेख अमुक दिवशीं मागें घेतला' एवढी एक ओळ राहावी. गप्प होण्याचा अधिकार निराळा, आणि आपण कधीं बोललोंच नव्हतों असें भासविण्याचा निराळा.

अशा वर्तनास लागणारें साधन त्या तंत्रांतच आहे. १९९७ सालच्या 'एचटीएमएल ४' मध्यें 'डेल' आणि 'इन्स' अशा दोन खुणा आल्या. पहिली वगळलेला मजकूर दाखविते, दुसरी नवा घातलेला. दोहोंस बदलाची तारीख जोडतां येते. जुन्या शुद्धिपत्राचे दोन रकानेच हे! प्रत्येक स्वल्पविरामासाठीं त्या वापराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या वाक्यावर वाचक विसंबला असेल, तेथें मात्र अवश्य वापराव्या. मुलांना पानें रचण्यास शिकविणाऱ्या वडील मंडळींनीं व शिक्षकांनीं चित्रें कशीं डकवावीं हें खुशाल शिकवावें, पण त्याआधीं या दोन खुणा शिकवाव्या. त्यांचा उपयोग करण्यास कोणी भाग पाडीत नाहीं. पूर्वीं निरुपायानें जें घडत असे तें आतां स्वेच्छेनें घडावयाचें आहे. आणि तसें घडेल तेव्हांच त्यास आपण सद्गुण म्हणूं.