मुक्या सोबत्याचे व्यक्तिचित्र

एखाद्या माणसाचा चेहरामोहरा हुबेहूब उतरविणाऱ्या चित्राला मराठीत आपण 'व्यक्तिचित्र' म्हणतो. मग घरात बारा-तेरा वर्षे वावरलेल्या कुत्र्याचे चित्र कुणी चित्रकाराकडून मुद्दाम काढून घेतले, तर त्याला काय म्हणावे? कुत्रा ही व्यक्ती नव्हे. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला तो मानव, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. परंतु ज्यांनी त्या जीवाला स्वतःच्या हाताने भाकरी चारली, त्यांना 'प्राणिचित्र' हा शब्दही परका वाटतो. प्राण्यांची चित्रे पाठ्यपुस्तकात असतात. हे तर आपल्या मोत्याचे चित्र! शब्दाच्या या अडचणीच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : एका जनावराच्या आठवणीसाठी पैसा, कला आणि घरातील भिंत वाहणे ख्रिस्ती कुटुंबाला शोभते काय?

कसबा बावड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न आज सहज उद्भवतो. राजर्षी शाहू महाराजांचे हे जन्मस्थान. उसाच्या मळ्यांचे हे गाव आता कोल्हापूर शहराचाच भाग झाले आहे. गोठ्याशी राखणीला बसणारा कुत्रा सदनिकेत आला. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली आणि मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांना दिवसभराची सोबत त्याचीच उरली. असा सोबती गेला की भ्रमणध्वनीतील शेकडो छायाचित्रांनी मनाचे समाधान होत नाही. मग घरातले कुणीतरी म्हणते, "आपल्या कलापुरात चित्रकारांची काय वाण? एखादे चांगले चित्रच काढून घेऊ या." आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या नगरीत ही इच्छा स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

जनावराची प्रतिमा करवून घेणे ही काही परदेशातून आलेली हौस नव्हे. बेंदूर आला की कोल्हापूरच्या परिसरात कुंभाराकडून मातीचे बैल घरोघरी आणले जातात. ज्याच्या दावणीला बैल नाही, तोही ते आणतो. आपण ख्रिस्ती माणसे त्यांची पूजा करीत नाही. पण त्यामागील कृतज्ञता आपणांस परकी नाही. मात्र मातीचा बैल हा साऱ्या बैलांचा प्रतिनिधी असतो. व्यक्तिचित्र मागते ते याहून वेगळे. ज्याचा एक कान नेहमी पडलेला असे, जो पावसाळी रात्री दाराशी नाक खुपसून बसे, तोच आणि तेवढाच एक जीव त्याला हवा असतो.

शहरातून बावड्याकडे जाताना नवा राजवाडा लागतो. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात तो उभा राहिला. तेथील वस्तुसंग्रहालयात शिकारीतील पेंढा भरलेले प्राणी आहेत. वाघाची कातडी खरी आहे, पट्टे खरे आहेत. तरीही त्याच्यापुढे उभे राहिल्यावर आपल्या मनात येतो तो शिकाऱ्याचा पराक्रम. प्राण्याचे शरीर जवळजवळ सगळे शिल्लक आहे, पण त्याच्याशी कुणाचे नाते शिल्लक नाही. उलट, कापडावर काढलेल्या कुत्र्याच्या चित्रात त्याचा एक केसही नसतो. तेथे केवळ रंग असतो आणि घरातल्या माणसांना ठाऊक असलेले एक नाव असते. उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वर सारे प्राणी आदामाकडे आणतो, ते त्यांना नावे देण्यासाठी. ज्याला आपण नाव देतो, त्याची जबाबदारी आपल्यावर येते. चित्र ही त्या जबाबदारीची, आणि ती संपल्याच्या दुःखाची, खूण ठरू शकते.

तथापि, या इच्छेला विरोध करणारा आवाजही आपल्या श्रद्धेतूनच उठतो आणि तो दडपून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे. आणि मानवी दुःखाच्या निवारणासाठी ज्याची आधी गरज आहे, असा पैसा प्राण्यांवर उधळणेही तितकेच अनुचित आहे. प्राण्यांवर माया करावी. माणसाच्या हक्काचे प्रेम मात्र त्यांना देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जपणुकीसाठी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्यांनीच ५ जानेवारी २०२२ च्या जाहीर भेटीत, मुलांच्या जागी कुत्री-मांजरे आणून बसविणाऱ्या जोडप्यांविषयी खंत व्यक्त केली होती. अनेकांची मने त्यामुळे दुखावली. परंतु दोन्ही बोल एकाच अंतःकरणातून आले होते, हे विसरता कामा नये.

या आक्षेपाला आपण सहसा एक सोपे उत्तर देतो. लग्नाच्या मांडवात, दागिन्यांत, वाद्यवृंदावर आपण लाखो रुपये खर्च करतो; मग चित्राच्या काही हजारांचाच हिशेब का मागता? उत्तर बिनतोड वाटते, पण दुसऱ्याच्या उधळपट्टीने आपला खर्च न्याय्य ठरत नाही. प्रभू येशूने सांगितलेला लाजरस आठवावा. श्रीमंताच्या दाराशी तो फोडांनी भरलेला पडला होता आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटीत होती. घरधन्याने जे केले नाही, ते त्या मुक्या जनावरांनी केले. समजा, त्या श्रीमंताने आपल्या आवडत्या कुत्र्याचे सुंदर चित्र काढवून दिवाणखान्यात लावले असते, तर? चित्रात दोष नसता. दाराशी पडलेल्या माणसाला ओलांडून चित्रकाराकडे जाण्यात दोष असता. आपल्या घरात वृद्ध आईचे औषध लांबणीवर पडले असेल, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार थकला असेल, तर चित्राची पाळी त्यानंतर. हा क्रम सांभाळला, तर उरलेल्या पैशाने कृतज्ञतेचे एक चित्र घेण्यास श्रद्धेची आडकाठी नाही.

आणि मजुरीचा न्याय चित्रकारालाही लागू आहे. "अहो, कुत्र्याचेच तर चित्र!" असे म्हणून ठरलेली रक्कम शेवटी कमी करणारे लोक असतात. पण कुत्रा चित्रकारासमोर तासभर स्थिर बसत नाही. तो गेला असेल तर छायाचित्रांवरून आणि घरच्यांच्या आठवणींवरूनच काम करावे लागते. चांगला चित्रकार विचारतो : डोळ्यांचा रंग नेमका कोणता? छातीवरचा पांढरा ठिपका कुठपर्यंत होता? तो बसायचा कसा? या प्रश्नांची उत्तरे देताना पुष्कळांना प्रथमच उमजते की, ज्याच्यावर आपण इतके प्रेम केले असे म्हणतो, त्याच्याकडे आपण नीट पाहिलेलेच नव्हते. प्रेमाला नजर लागते. आणि ती नजर जिवंतपणीच लाभली पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याने घरे वेढली, तेव्हा जनावरांना मागे टाकून नावेत बसण्यास अनेक शेतकरी तयार नव्हते. त्यांच्यापैकी किती जणांच्या भिंतीवर त्या जनावरांची चित्रे असतील? माया कमी होती म्हणून नव्हे. ती आधीच कृतीत उतरली होती.

चित्रात सत्यही हवे. म्हाताऱ्या कुत्र्याला तरुण करून दाखवा, त्याला पंख लावा, डोक्यामागे प्रभावलय काढा, अशी गळ काही जण घालतात. दुःखाच्या भरात हे समजण्यासारखे आहे. पण तेजोवलय संतांसाठी आहे, आणि मोतीबिंदूने धूसर झालेला तो डोळाच त्या जिवाची खरी ओळख आहे. त्याचप्रमाणे हे चित्र प्रभूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी किंवा हार घातलेल्या आजी-आजोबांच्या रांगेत लावू नये. त्यांच्या आत्म्यांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो; तो मान वेगळा आहे. कुत्र्याचे चित्र दाराजवळच्या भिंतीवर लावावे. तो जिवंत असताना तेथेच तर बसत असे.

आपल्या बायबलमधील तोबीतच्या ग्रंथात एक कुत्रा आहे. तरुण तोबीया देवदूत राफाएलसह प्रवासाला निघतो, तेव्हा तो मागून चालू लागतो. परततानाही तो सोबत असतो. त्याने काही पराक्रम केल्याची नोंद नाही, त्याचे नावही दिलेले नाही. तो सोबत होता, एवढेच पवित्र लेखकाला लिहून ठेवावेसे वाटले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत वेरोकिओच्या चित्रशाळेतील, पंधराव्या शतकातील एक चित्र आहे. त्यात देवदूत आणि तोबीया यांच्या पायांशी तो पांढरा कुत्रा चालतो आहे. देवदूताची जागा त्याने घेतलेली नाही, आणि त्याला चित्राबाहेरही घालविलेले नाही.

कुटुंबाने आपल्या मुक्या सोबत्याला एवढीच जागा द्यावी. चित्रकाराचे पैसे ठरल्याप्रमाणे चुकते करावेत, चित्र दाराशी लावावे, आणि त्या दारावर माणूस वा जनावर कुणीही उपाशी आले, तर त्याच्याकडे पाठ फिरवू नये.