पूर्वकर्म आणि रक्तातील पालट

शिरपूरहून उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याकडे निघाले म्हणजे पावरा आणि भिल्ल समाजांचे पाडे लागतात, आणि त्यांतील एखाद्या घरी सांध्यांच्या वेदनेने तळमळणारे, डोळे पिवळे पडलेले मूल दृष्टीस पडले की ‘पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!’ असा उद्गार गावातल्या सुशिक्षितांच्या तोंडूनही सहज निघतो. त्यामागे कळवळा असतो, हे खरे. परंतु तो उद्गार सत्य आहे काय, हा प्रश्न धर्मचिंतन करणाऱ्याने टाळू नये.

सिकलसेल नावाच्या या रोगात रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच पालट असतो. प्राणवायू जवळ असेतोवर हे हिमोग्लोबिन विरघळलेल्या स्थितीत सुखाने नांदते. परंतु तो देऊन टाकताच शेजारच्या रेणूस चिकटून त्याचे ताठ तंतू बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, आणि जिने सुमारे १२० दिवस जगावयाचे ती १० ते २० दिवसांतच नष्ट होते. पाड्यावरची प्राथमिक चाचणीही याच गुणधर्माची परीक्षा घेते: बोटाच्या रक्ताचा थेंब प्राणवायू हिरावून घेणाऱ्या द्रावणात टाकावयाचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरावयाचा. रेघा गढूळपणाआड लपल्या, तर वाहक की रुग्ण, याचा निवाडा पुढे प्रयोगशाळेत होतो. २०१९ साली पद्मश्रीने गौरविलेले पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा आदी समाजांत शंभरांत २० ते ३५ जणांच्या रक्तात हा दोष आढळला.

आता कर्मविपाकाचा सिद्धांत येथे लावून पाहावा. हाच पालट एकाच पालकाकडून आला तर मनुष्य केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी राहतो. इतकेच नव्हे, तर संशोधक ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे जीवघेण्या हिवतापापासून त्याचे रक्षण होते. ज्याने आजोबांना तारले, तेच दोन्हीकडून मिळून नातवाला छळत असेल, तर त्यास कोणाचे पाप म्हणावयाचे? चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य नियत की अनियत याची चर्चा करून, दुर्बल दैवावर बलवान पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मात करतो, असे प्रतिपादिले आहे. मला तोच विचार अधिक धर्म्य वाटतो. त्यात आजारी बालकाकडे पूर्वजन्माचा जाब मागितला जात नाही.

हा पुरुषकार आज साध्य आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि त्याचे रेणू तंतूंच्या जुळणीत अडथळा आणतात. प्राणवायुयुक्त स्थितीतच हिमोग्लोबिनास धरून ठेवणारे व्होक्सेलोटर हे औषध मात्र उत्पादकांनी २०२४ साली बाजारातून परत घेतले.

आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून तालुक्यातील पंचांना, शिक्षकांना आणि कीर्तनकारांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की विवाह जुळविण्यापूर्वी दोन्हीकडच्या तरुणांची ही तपासणी करवून घ्यावी, आणि आजारी मुलाच्या आईस पूर्वकर्माची गोष्ट न सांगता तिला दवाखान्याची वाट दाखवावी.