बिघडणारी पेटी

सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवणारे एक निदेशक होते. ऑटोमेशनची लॅब जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पोरं आडगावची. तेव्हा सरांनी ठरवलं, पोरांना लॅबकडे न्यायचं नाही. लॅबच पोरांकडे न्यायची.

त्यांनी एक पेटी बनवली. हार्मोनियमएवढी, एसटीत मांडीवर घेऊन बसता येईल अशी. आत छोटा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर, 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस), प्रॉक्झिमिटी सेन्सर, दोन रिले आणि मोटरवर फिरणारा वीतभर कन्व्हेयर. खेड्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एसटीच्या हादऱ्यांनी वायरी निसटू नयेत आणि पोरांनी उलटसुलट जोडू नयेत, म्हणून सगळं वायरिंग पॅनलच्या मागे बंद. पोरांनी बटणं दाबायची आणि दिवे बघायचे. वर्षभर गावोगाव फिरून पेटी एकदाही बंद पडली नाही. सरांना त्याचा फार अभिमान.

एके दिवशी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालेले एक मामा वर्गावर आले. पेटी निरखून म्हणाले, "काम झकास आहे, सर. पण ही बिघडते का?"

"छे हो मामा! आजवर एकदाही नाही."

"मग पोरं शिकतात काय?"

"मशीन चालवायला."

"चालवायला ऑपरेटर असतो, सर. आपल्या पोरांना हाक मारतात ती मशीन बंद पडल्यावर."

मामांनी पॅनल उघडायला लावलं आणि एका पोराला स्टॉपचं बटण नव्याने जोडायला सांगितलं. पोरगं म्हणालं, "एनओ, म्हणजे नॉर्मली ओपन घेतो. दाबल्यावरच सिग्नल जाईल, तसा प्रोग्राम करतो." पट्टा सुरू झाला, स्टॉप दाबल्यावर थांबला. पोरं खूश. पट्टा पुन्हा सुरू करून मामांनी गुपचूप स्टॉपची एक वायर काढली. "आता थांबव." पोराने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबून धरलं. पट्टा आपला फिरतोच आहे.

"यात कुणाची बाही अडकली असती तर?" मामांनी विचारलं. वर्ग गप्प.

मग तेच बटण एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड करून जोडलं, प्रोग्राम बदलला. आता सिग्नल कायम येत राहणार, दाबल्यावर तुटणार. या वेळी मामांनी वायर काढताच पट्टा जागच्या जागी थांबला. स्टॉप एनसीच का असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मामांनी पुढचंही सांगून टाकलं, "कारखान्यात टाकीची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बहुतेकदा 4 ते 20 मिलिअँपिअर असतो, तो शून्यापासून का नाही? मीटरवर शून्य दिसलं की समजायचं, टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय."

सरांनी सुट्टीत पेटी खोलली. सगळे सिग्नल पॅनलवरच्या सॉकेटवर आणले, जोडणी पोरांच्या हातात दिली. आतल्या वायरींना लग मारले. 24 व्होल्टच्या लाइनला फ्यूज टाकला, उलट जोडणी झाली तर पीएलसी वाचावा म्हणून डायोड टाकला. 230 व्होल्टचा भाग मात्र होता तसा बंदच ठेवला. आणि मागे कुलुपाच्या झाकणाखाली बारीक स्विचची एक ओळ बसवली. एक पाडला की सेन्सरची वायर तुटल्यासारखी, दुसरा पाडला की रिलेची कॉइल गेल्यासारखी. सर एखादा स्विच पाडून पेटी पोरांपुढे ठेवायचे आणि मल्टिमीटर हातात द्यायचे.

आता पेटी रोज बंद पडू लागली, फ्यूज उडू लागले. प्राचार्यांनी विचारलं, "सर, जुनी पेटी वर्षभर बंद पडली नाही. हिला झालंय काय?"

सर म्हणाले, "साहेब, जुनी पेटी बंद पडत नव्हती. पण तिच्यावर शिकलेली पोरं कारखान्यात गेल्यावर बंद पडायची."

प्राचार्यांनी फ्यूजच्या खरेदीवर सही केली.

तात्पर्य : शिकण्याच्या साधनातून धोका काढावा, चूक काढू नये. चुकायला जागाच नसेल, तर शिकायलाही उरत नाही.