वर्गणी कोण भरतो?

सकाळी पावणेसहाला मोबाइल वाजतो. आमच्या फिरायला जाणाऱ्यांच्या गटात पाच मराठी दैनिकांच्या पीडीएफ येऊन पडलेल्या असतात आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलेली असते. पाठवणारा सज्जन आहे. पहाटे उठून हे काम तो सेवा म्हणून करतो. मी त्याला एकदा विचारलं, यातल्या किती पेपरांचे पैसे तू भरतोस? त्याला प्रश्नच कळला नाही. ‘मला दुसऱ्या गटातून येतात, मी पुढे पाठवतो,’ एवढंच तो म्हणाला.

ही सवय टाळेबंदीत अंगवळणी पडली. मार्च 2020 मध्ये मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. तेव्हा पीडीएफचाच आधार होता. त्या दिवसांतल्या कुणालाही मी दोष देणार नाही. पण पेपर पुन्हा दारात येऊ लागले तेव्हा अनेक घरांनी ते पुन्हा लावलेच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात ‘दैनिक जागरण’ने दाद मागितल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला पीडीएफ वाटणारे चॅनेल काढून टाकायला सांगितलं. कायद्याचं म्हणणं काय, ते त्यातून कळलं. मला प्रश्न पडतो तो आपल्या मनाचा.

शेजारचा पेपर मागून वाचतच आपण वाढलो. चाळीत एक अंक चार बिऱ्हाडं फिरायचा. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, वाचनालयाच्या लांबलचक टेबलावर त्याची पानं वाटली जायची. त्यात गैर काही नव्हतं. तो अंक कुणीतरी विकत घेतलेला असायचा, कुणी घेतला हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि वाचून झाला की नीट घडी घालून तो त्याच घरी परत जायचा. पीडीएफचं घर कुणालाच ठाऊक नाही.

पेपरच्या पैशाला आपल्याकडे वर्गणी म्हणतात. गणपतीला देतो ती वर्गणी, वाचनालयाची ती वर्गणी, आणि 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हापासून वर्तमानपत्राचीही वर्गणीच. हे सर्वांचं काम आहे आणि त्यात माझा वाटा आहे, असा त्या शब्दाचा अर्थ.

आता तालुक्याच्या वार्ताहराचा दिवस पाहा. मानधन तुटपुंजं, आणि अनेक ठिकाणी बातमीबरोबर जाहिरातीही त्यानेच गोळा करायच्या. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात त्याच्याकडून मिळवायची, त्याच्याच माणसाच्या टँकरच्या ठेक्याची बातमी तो कशी देईल? ती छापून येत नाही. मग आपण कट्ट्यावर बसून म्हणतो, पेपर विकले गेले. वाचकांची वर्गणी घेऊनही लाचारी करणारे पेपर मी पाहिले आहेत. छापील अंकाचा पूर्ण खर्च वाचकाने कधीच दिला नाही, जाहिरातीच तो भरून काढत आल्या, हेही खरं. पण वाचकाचा जो थोडा वाटा होता, त्याच्या बळावर संपादक जाहिरातदाराला कधीतरी नाही म्हणू शकत होता. तो वाटा आपण काढून घेतला. फुकट वाचणाऱ्याने पेपरला जाब विचारावा, हे मला पटत नाही.

पहाटे साडेचारला पुरवण्या घालून गठ्ठे लावणारा पेपरवाला तर या हिशेबात कुठेच धरला जात नाही. त्याचं कमिशन अंकामागे असतं. लाइनमधलं एक घर बंद झालं की त्याच्या महिन्याच्या कमाईतून तेवढं कमी होतं.

मोबाइलवर वाचू नका, असं माझं म्हणणं नाही; मीही वाचतो. पण घरात निदान एका पेपरची वर्गणी भरा, छापील अंकाची किंवा मोबाइलवरच्या आवृत्तीची. आणि उद्या पहाटे गटात फाइल आली तर ती पुढे पाठवू नका.